घरचाच मुलगा बाहेर

बहिणीकडे चहाला गेलो की ती आधी विचारते, "भाईजान, साखर किती?" त्या दिवशी विचारलं नाही. कप समोर ठेवला आणि म्हणाली, "घरचाच मुलगा बाहेर बसवलात?"

साताऱ्यात मी एका छोट्या क्लबच्या मुलांना क्रिकेट शिकवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे वेड वेगळं. तरुणपणी डावखुरी फिरकी टाकायचो. डिसेंबर २०२४ मध्ये आमचा सांगलीला दोन दिवसांचा सामना ठरला. आधी जाऊन खेळपट्टी पाहून आलो. काळी माती, वाळून भेगा पडलेली. पहिल्या तासापासूनच चेंडू वळणार हे दिसत होतं. संघात एका फलंदाजाची जागा शिल्लक होती. दावेदार दोन. एक माझा भाचा, त्या मोसमात सर्वांत जास्त धावा त्याच्याच. दुसरा एक बारीक अंगाचा मुलगा, वडिलांची भाजीची गाडी लावून मग सरावाला येणारा. त्याने कधी चाळीशी गाठलेली नव्हती.

ऑक्टोबरमध्येच आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पुण्याची कसोटी पाहिली होती. न्यूझीलंडच्या सँटनरने १३ बळी घेतले. आपण ११३ धावांनी हरलो आणि घरच्या मैदानावर १२ वर्षं एकही मालिका न हरण्याचा क्रम तुटला. कोहलीसारखा कोहली फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला! त्याच गहुंजेच्या मैदानावर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले होते, आणि आपला संघ १०५ आणि १०७ धावांत आटोपला होता. चेंडू एकदा भसकन वळला की फलंदाजाच्या मनात तेच वळण बसतं. पुढचा सरळ आला तरी तो वळणासाठीच खेळतो आणि फसतो. त्याच सामन्यात स्टीव्ह स्मिथने १०९ धावा केल्या. त्याचे झेलही सुटले, नशीब होतंच. पण मला आठवतं ते त्याचं हुकणं. चेंडू बॅटच्या बाहेरून निघून जायचा आणि हा जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा उभा राहायचा.

म्हणून मी दोघांना सरावाच्या जुन्या, उखडलेल्या पट्टीवर घेतलं आणि स्वतः गोलंदाजी केली. भाच्याचे दोन चेंडू हुकले. तिसऱ्याला तो पुढे आला आणि असा भिरकावला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढचा चेंडू जरा उंच, जरा आखूड टाकला. तो पुन्हा निघाला, अर्ध्यात अडकला. यष्टिरक्षक असता तर घरी गेला असता. दुसऱ्या मुलाचे सात चेंडू हुकले, मोजून सात. प्रत्येक वेळी त्याने टप्पा पडला ती जागा पाहिली, माती बॅटने दाबली आणि पहिल्यासारखाच उभा राहिला. चेंडू पुढे पडला तर पाऊल थेट टप्प्यापर्यंत, आखूड पडला तर मागे पार यष्ट्यांजवळ. मधे कुठे रेंगाळणं नाही. बॅटवरची पकड इतकी सैल की चेंडू लागून पायाशीच पडायचा, शेजारी झेलाला टपलेल्याच्या हातात जायचा नाही. मी नाव लिहून टाकलं.

हे सगळं बहिणीला सांगत होतो. आतल्या खोलीतून भाचा ऐकत होता. तो दारात आला. "मामू, मुंबईच्या कसोटीत पंतने तर मारूनच ६४ केले. बाकीचे सांभाळून खेळले आणि आउट झाले."

खोटं नव्हतं. १४७ धावा हव्या होत्या, आपण १२१ मध्ये संपलो. मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने सामन्यात ११ बळी घेतले. मी म्हणालो, "पंत निघाला की टप्प्यापर्यंत पोहोचतो. तू अर्ध्यावर थांबतोस." तो गप्प झाला, पण पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. सर्फराज खान फिरकी खेळण्यात तयार समजला जातो. बंगळूरला त्याने १५० केले, आणि पुढच्या दोन कसोटींत ११, ९, ० आणि १. मग माझ्या सात चेंडूंच्या परीक्षेचा काय भरवसा?

बहीण एवढंच म्हणाली, "त्याच्या अब्बांना काय सांगू ते तुम्हीच सांगा." संध्याकाळी मेहुण्यांकडे जाऊन मीच सांगितलं. ते नीट बोलले; एरवी जेवायला थांबवतात, त्या दिवशी थांबवलं नाही.

सांगली म्हणजे विजय हजारेंचं जन्मगाव. आता तिथली पोरं स्मृती मानधनाचं नाव घेतात. आमच्या मुलाने तिथे दीड तासात १९ धावा केल्या. समोरून पाच गडी गेले, हा टिकून होता. मग एक चेंडू वळलाच नाही आणि तो पायचीत झाला. आम्ही ३१ धावांनी हरलो. भाचा बारावा खेळाडू होता, दोनदा पाणी घेऊन मैदानात गेला. दुसऱ्या खेपेला तो जरा जास्तच वेळ त्या मुलाशी बोलत उभा राहिला, पंचांनी हटकलं.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. इस्लामपूर गेलं, कराड आलं, तेव्हा बोलला. "मामू, तोही सरळ चेंडूवरच गेला की."

"गेला," मी म्हणालो.

"दीड तासाने गेला," तोच पुढे म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

रविवारी फज्रनंतर मैदानावर गेलो. भाचा जुन्या पट्टीच्या कडेला पॅड बांधत होता. पलीकडे तो दुसरा, भाजीची गाडी लावून आलेला, दगडाने यष्ट्या ठोकत होता.