बाबांचं हॅण्डल

सायकल घेताना आपण रंग बघतो, गिअर मोजतो, फार तर सीटवर बसून दुकानातल्या आरशात एक नजर टाकतो. हॅण्डलकडे कोण बघतं? मी बघितलं होतं, पण ते 'कूल' दिसतंय एवढंच!

2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. पुढे ऑफिस उघडलं, पण लोकल काही आपल्यासाठी उघडेना. मुलुंडहून पवईला जायचं कसं? घेतली सायकल. सरळ दांडीसारखं हॅण्डल, 680 मिलीमीटर रुंद. म्हणजे चक्क सव्वादोन फूट! एलबीएस रोडवर रिक्षा आणि बसच्या फटीत मी मावायचो, हॅण्डल मावायचं नाही. दोन रिक्षांचे आरसे वाकवले. त्याबद्दल जे ऐकलं, ते इथे छापता येणार नाही.

तीन महिन्यांत गंमत संपली. गांधीनगर जंक्शन येईस्तोवर उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. ऑफिसात की-बोर्डवर 'पी' दाबला गेला की नाही, ते स्क्रीनवर बघून कळायचं. एकदा आयआयटीच्या गेटपाशी पुढचा टेम्पो अचानक थांबला. ब्रेक दाबायला बोटांनी उशीर केला. टेम्पो वीतभर अंतरावर राहिला, आणि मला दरदरून घाम फुटला.

डॉक्टर म्हणाले, पुढे वाकलं की अंगाचा भार तळहातावर येतो आणि करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह दबते. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं, की त्याला 'सायकलिस्ट्स पाल्सी' असं खास नाव आहे. थोडे दिवस सायकल बंद, आणि बसायची पद्धत बदला!

मी नाक्यावरच्या मेकॅनिक मामांकडे गेलो. हॅण्डल बदलायचंच आहे, तर रेसवाल्यांसारखं खाली वळलेलं का नको? मामांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "त्याची नळी जाड असते. ब्रेकचे लिव्हर, गिअरचे शिफ्टर, सगळं नवीन लागेल." सरळ हॅण्डलची नळी 22.2 मिलीमीटर, त्याची 23.8. दीड मिलीमीटरसाठी एवढा खर्च! "आणि हात आधीच गेलाय, त्यात अजून वाकणार?"

घरी बाबा ऐकत होते. भांडुपच्या कंपनीत ते वर्षानुवर्षं सायकलने गेले. ताठ बसून, हॅण्डलला डबा अडकवून. "सायकलवर बसायचं असतं," ते म्हणाले, "लोंबायचं नसतं."

त्यांची काळी सायकल अजून जिन्याखाली उभी आहे. तिचंच हॅण्डल काढून लावू म्हटलं, तर मामा हसले. जुन्या सायकलचे ब्रेक सळईचे, आणि हॅण्डल त्याच्या खुंटाला कायमचं जोडलेलं. नव्या सायकलवर बसणार कसं? मग त्यांनी आतून तसंच मागे वळलेलं, पण केबलच्या ब्रेकला चालणारं हॅण्डल काढलं. मधली जाडी माझ्याएवढीच, 25.4. मुठीची नळीही तीच. साबणाच्या पाण्याने ग्रिप सरकवल्या, एल-कीने चारही स्क्रू थोडे थोडे आवळले, कमी पडलेल्या दोन केबल बदलल्या. शेवटी पुढचं चाक गुडघ्यांत धरून मामांनी हॅण्डल जोर लावून पिळलं. हललं नाही. पाऊण तासात काम फत्ते!

आता मी ताठ बसतो. खांदे मोकळे, रिक्षांचे आरसे शाबूत. पवई तलावापाशी समोरून वारा आला, की छातीवर घ्यावा लागतो आणि ऑफिसला पाच मिनिटं उशीर होतो. फोटोतही सायकल जरा 'अंकल' दिसते. पण महिन्याभरात करंगळी जागी झाली.

पहिल्या दिवशी बाबा खाली उतरले होते. त्यांनी दोन्ही मुठी धरून बघितल्या, घंटी वाजवली. मग माझ्या पाठीवरच्या सॅकमधून डबा काढला आणि डाव्या बाजूला हॅण्डलला अडकवला.

"उजवीकडे नको," म्हणाले, "वळताना गुडघ्याला लागतो."