वापरून झिजलेली पुस्तके

प्रत जितकी निर्मळ, तितकी तिची किंमत अधिक, असा दुर्मिळ ग्रंथांच्या बाजाराचा शिरस्ता आहे. बालकांच्या आजारांवरील आद्य मुद्रित पुस्तकांचा छंद आम्हा उभयतांना जडला, तेव्हापासून हा शिरस्ता आम्हांला खटकू लागला.

गुटेनबर्गचे बायबल 1455 च्या सुमारास छापून निघाले. त्यानंतर अवघ्या 17 वर्षांनी, 1472 साली, संत अंतोनीच्या पादुआ नगरीत पाओलो बागेल्लार्दो या वैद्याची बालरोगांवरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. मुद्रणकला स्वतःच पाळण्यात होती, तेव्हाच तिने लेकरांची दखल घेतली! परंतु ती पुस्तिका लॅटिन भाषेत. ती वाचणार वैद्य आणि पंडित. पुढच्याच वर्षी आऊग्सबुर्ग येथे बार्थोलोमेउस मेटलिंगर याने सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपनावर जर्मन भाषेत, आईबापांना कळेल असे पुस्तक काढले. सोळाव्या शतकाच्या मध्यास टॉमस फेअर याने तेच कार्य इंग्रजीत केले आणि वैद्यकविद्या लोकांपासून दडवणाऱ्यांना खडसावले.

या ग्रंथांच्या मूळ प्रती आमच्या ऐपतीबाहेरच्या. आमच्या कपाटात आहेत त्या पुनर्मुद्रित आवृत्त्या, जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांचा 1931 सालचा बालरोगशास्त्राचा इतिहास आणि पुढील काळातील काही घरगुती वैद्यकाची जुनी पुस्तके.

झोप न येणाऱ्या बाळाला फेअर अफूच्या बोंडाचे औषध सुचवितो. ते वाचून आम्हांला हसू येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक माताही तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. माया अपार होती. ज्ञान तोकडे होते. तोच फेअर देवी-गोवरात मात्र औषधांची ढवळाढवळ नको, निसर्गाला आपले काम करू द्यावे, असे बजावतो. आपले ज्ञान कोठे संपते हे ओळखणे, हीदेखील वैद्याची थोरवीच.

पंडितांचे ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतात. घरोघरी लागणारी पुस्तके हाताळून झिजतात, फाटतात, नाहीशी होतात. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन प्रती समोर आल्या, तर आम्ही तेलाचे डाग पडलेली, तापावरच्या प्रकरणाशी आपोआप उघडणारी प्रत उचलतो. दुकानदार ती स्वस्तात देतो. त्या पानाशी कोणी माउली दिव्याच्या उजेडात रात्रभर बसली असेल, याची किंमत त्याला कशी लावता यावी?