शेंड्यांखालची उंची

इंग्लंडच्या मध्यभागी, स्टॅफर्डशर परगण्यात, चर्नेट नदीच्या खोऱ्यात ऑल्टन टॉवर्स नावाचं करमणूक उद्यान आहे. एके काळी ही श्रूसबरीच्या अर्लची जहागीर होती. गॉथिक धाटणीचा त्यांचा प्रचंड वाडा आता आतून रिकामा होऊन उभा आहे. भोवती दोनशे वर्षांची जुनी बाग आणि त्या बागेपलीकडे रोलर कोस्टर. पण रस्त्याने येताना यातलं काहीच दिसत नाही. दिसतात त्या दगडी कुंपणाच्या भिंती, मेंढ्या, वळणं, आणि मग दाट झाडी. कारण इथल्या बांधकामावर एक बंधन आहे. जे उभारायचं ते झाडांच्या शेंड्यांखाली राहिलं पाहिजे.

मला हे बंधन मनापासून आवडतं. जगातली मोठमोठी उद्यानं आकाशाशी स्पर्धा करत आली. अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉइंटने 2003 साली 420 फूट उंचीचा कोस्टर उभारला, आणि दोनच वर्षांत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरने 456 फुटांचा. अशा ठिकाणी नव्या कोस्टरची चाहूल लागली की चाहत्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, किती उंच? ऑल्टनचा प्रश्न निराळा आहे. उंची मिळणारच नाही अशा जागी ही माणसं आता काय करतील? हा प्रश्न एकदा मनात शिरला की माणूस वर्षानुवर्षं त्याच्याभोवती फिरत राहतो. मी तशी फिरते आहे.

नवा कोस्टर इथे आधी एका सांकेतिक नावाने जन्म घेतो. सीक्रेट वेपन, आणि पुढे एक आकडा. पहिली दोन गुप्त अस्त्रं कागदावरच राहिली. तिसरं 1994 साली बाहेर आलं. त्याचं नाव नेमेसिस. रूळ डोक्यावर, पाय अधांतरी, असा युरोपातला तो पहिला कोस्टर. कोस्टरचे कल्पक रचनाकार जॉन वॉर्डली यांनी झाडांच्या बंधनाला दिलेलं उत्तर सरळ होतं. वर जाता येत नसेल तर खाली जाऊ. त्यांनी सुरुंग लावून खडक फोडला, दरी खोदली आणि त्या दरीत रूळ गुंफले. नेमेसिसची उंची जेमतेम 13 मीटर, पण त्यातली घसरण सुमारे 32 मीटरांची. गाडी खडकाच्या कडेला खेटून जाते, खाली लाल पाण्याचे ओहोळ वाहतात, आणि बसलेल्याचे पाय दगडाला लागतात की काय असं वाटतं. मोकळ्या आकाशात 32 मीटर म्हणजे काहीच नव्हे. कातळाच्या अंगावरून जाताना तेच 32 मीटर पोटात गोळा आणतात.

चौथं अस्त्र 1998 सालचं, ऑब्लिव्हियन. जमिनीवर दिसतो तो 20 मीटरचा साधा चढ. वर गेल्यावर गाडी कड्याच्या टोकाशी क्षणभर थांबते, आणि मग जवळजवळ काटकोनात, 55 मीटर, जमिनीतल्या धुरकट भोकात शिरते. याची खरी उंची सगळी मातीच्या पोटात आहे.

या दोन कोस्टरांनी ऑल्टनच्या चाहत्यांना तर्क करायला शिकवलं असं मला वाटतं. पुढचा कोस्टर कसा असेल हे सांगायचं तर आधी जमीन माहीत हवी. कुठे खडक, कुठे माती, कुठली झाडं तोडता येणार नाहीत, उतार कोणत्या बाजूला. इतर ठिकाणी कल्पनेला मोकळं रान असतं. इथे कल्पनेला भूगोल शिकावा लागतो.

त्यासाठी लागणारे कागद इथे कुणालाही पाहता येतात. उद्यानाला काहीही बांधायचं तर स्टॅफर्डशर मूरलँड्स डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज जाहीर होतो. जागेचे नकाशे, उभे छेद, झाडांची पाहणी, आवाजाचा अहवाल असा तो गठ्ठा असतो. रूळ कुठून वर जातो, कुठे जमिनीखाली जातो, खांबांचे पाये किती जवळजवळ आहेत, हे त्यात दिसतं. कोस्टरचं नाव नसतं, रंग नसतो, गोष्ट नसते. नुसत्या रेषा.

रेषा वाचायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. घरी अमोनियाच्या उग्र वासाचे निळे नकाशे यायचे, आणि ते जमिनीवर पसरून अण्णा मला समोच्च रेषा दाखवायचे. म्हणायचे, "बाळ, रेषा जवळजवळ आल्या की समजायचं, इथे दम लागणार." धरण बांधून व्हायच्या कितीतरी आधी त्यांना पाणी कुठवर येईल ते दिसायचं, आणि कुणाचं शेत बुडेल तेही. कोस्टरच्या नकाशावर बोट फिरवताना मला त्यांची आठवण येते. एके ठिकाणी रेषा दाटतात, रूळ त्यांना छेदून जातो, आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा श्वास वर राहतो.

रेषांनंतर लोखंड येतं. एखाद्या ट्रकवर रुळाचा तुकडा दिसला की जाणकार कारखाना ओळखतात. दोन नळ्यांखाली चौकोनी पेटीसारखा कणा असेल तर तो स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार्ड या कंपनीचा. नेमेसिस त्यांचा, ऑब्लिव्हियन त्यांचा. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रोही त्यांचाच. 2013 मध्ये तो उभा राहिला तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी तोच चौकोनी कणा पाहून मला ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद झाला होता. हा कणा पोकळ असतो, म्हणून त्यावरून गाडी गेली की घुमणारा आवाज येतो. आवाज कमी करायचा असेल तर त्यात वाळू भरतात. म्हणजे कण्यात वाळू आहे की नाही यावरून जवळपास कुणाची घरं आहेत का, याचाही अंदाज करता येतो.

ऑल्टनजवळ घरं आहेत. 2004 साली शेजारच्या एका दांपत्याने उद्यानाच्या आवाजाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. तेव्हापासून अर्जातला आवाजाचा अहवाल मी अधिक आदराने वाचते. कौन्सिलने जाहीर केलेला तोच नकाशा एकाच संध्याकाळी दोन घरांत उघडला जातो. एका घरात कुणी तरुण मुलगा गाडी या वळणावर उलटी होईल का ते शोधत असतो. दुसऱ्या घरात कुणी आजी त्याच वळणावरून किंकाळ्या आपल्या खिडकीपर्यंत येतील का ते शोधत असते. एकाची ओढ आणि दुसरीची धास्ती एकाच रेषेवर येऊन थांबतात. दोघेही अजून न झालेली गोष्ट डोळ्यांसमोर आणत असतात, आणि दोघांचाही त्यावर हक्क असतो. चाहत्यांचा तर्क हा पोरखेळ नव्हे असं मी म्हणते ते यासाठी.

नकाशात सगळं मावत नाही हेही खरं. 2010 साली ऑल्टनमध्ये जुन्या कॉर्कस्क्रू कोस्टरच्या जागी थर्टीन आला. झाडीत शिरणारा रूळ आणि त्याच्या वाटेवर एक बंद इमारत. आत काय? उद्यानाच्या जाहिरातींनी भीतीचा असा डोंगर उभा केला की चाहत्यांनी त्या चार भिंतींत जगातलं सगळं भयंकर कोंबलं. प्रत्यक्षात निघालं ते असं. अंधारात गाडी थांबते, रुळासकट सुमारे पाच मीटर खाली कोसळते, आणि मग उलट्या दिशेने बाहेर धावते. जगात असं प्रथमच घडत होतं. तरी कित्येकांचा हिरमोड झाला, कारण त्यांच्या मनातली इमारत कितीतरी मोठी होती. मला मात्र ती अंधारातली थांबलेली दोन-तीन सेकंदं फार मोलाची वाटतात. खाली पडण्याआधी गाडीतला प्रत्येक जण तिथे तर्कच करत असतो.

आणि काही गोष्टी कुठल्याच तर्काच्या आवाक्यात नसतात. 14 वेळा उलटं करणारा ऑल्टनचा स्मायलर 2013 मध्ये सुरू झाला, जागतिक विक्रम घेऊन. 2 जून 2015 रोजी प्रवाशांनी भरलेली त्याची गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. यंत्रणेने गाडी रोखून धरली होती. पुढे रिकामी गाडी अडकली आहे हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी तो थांबा ओलांडून गाडी सोडली. पुढच्या वर्षी उद्यान चालवणाऱ्या कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला. नकाशा वाचणाऱ्याने ही तारीख विसरू नये. आपण ज्या रेषेवर स्वप्न पाहतो त्या रेषेवर उद्या कुणाची तरी मुलगी बसणार असते. म्हणून मला आता कागदावर ब्रेक कुठे आहेत, दोन गाड्यांत अंतर किती, उतरायचे जिने कुठे, हे आधी पाहावंसं वाटतं. वळणं नंतर.

नोव्हेंबर 2022 मध्ये नेमेसिस बंद झाला. जुने रूळ उतरवायला घेतले तेव्हा पुन्हा तर्कांना ऊत आला. नवं वळण येईल का, दरी आणखी खोदतील का, वेग वाढेल का? मार्च 2024 मध्ये तो परत उघडला. रूळ नवे, रंग काळा, आणि वाट तीच. खडकाने 1994 मध्ये जी वाट ठरवून दिली होती ती बदलायचं कारण कुणाला सापडलं नव्हतं. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे. नव्याची एवढी वाट पाहिल्यावर जुनीच रेषा पुन्हा ओढलेली मिळणं, हाही जमिनीने दिलेला कौलच.

चाहत्यांचे बहुतेक तर्क चुकतात, आणि चुकलेल्या तर्काचं कुणी काही देणं लागत नाही. पण तर्क करताना माणूस त्या जागेचा उतार शिकतो, झाडं मोजतो, शेजाऱ्याचं घर नकाशात शोधतो. एखाद्या जागेकडे इतक्या बारकाईने पाहणं हे माझ्या लेखी प्रेमच आहे, आणि ते बरोबर-चुकीच्या हिशेबाबाहेरचं आहे.

आपल्याकडेही शहराचा विकास आराखडा मंजूर होण्याआधी प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदत संपते आणि कागद फारसे कुणी उलगडलेले नसतात. तुमच्या टेकडीवर, नदीकाठी, मैदानावर काही उभं राहणार असेल तर एकदा जाऊन तो नकाशा मागा. पोरांना सोबत न्या. रेषा कुठे दाटतात ते त्यांना दाखवा, इथे काय होईल असं त्यांना विचारा, आणि जे वाटेल ते मुदतीच्या आत लिहून द्या.