दुरून साजऱ्या डोंगरांचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हौसेचा खर्च घराच्या जमाखर्चात उतरल्यावाचून राहत नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसे आज पहाटे सायकल घेऊन बाहेर पडताना दिसतात. त्यांतील एखाद्याच्या मनात डोंगरवाटांवरील अनेक दिवसांच्या शर्यतीचा विचार रुजतो आणि मग घरात प्रश्न उभा राहतो : आठ दिवस धुळीत, चिखलात आणि उन्हात कष्ट उपसण्यासाठी लाखो रुपये मोजावेत का? हा बेत मुलाचा असेल, जावयाचा असेल किंवा साठी पार केलेले आपण स्वतःही तो मनात आणला असेल. उत्तर देण्यापूर्वी, अशा शर्यतींपैकी सर्वांत नावाजलेली शर्यत ज्या भूमीत होते तिथे थोडे फिरून येऊ.

आफ्रिका खंडाच्या नैऋत्य टोकाला दक्षिण आफ्रिकेचा वेस्टर्न केप प्रांत आहे. केप टाउन शहराच्या पाठीशी सुमारे १,०८५ मीटर उंचीचा, माथा सपाट असलेला टेबल माउंटन उभा आहे. शहरातून पूर्वेकडे तासाभराच्या आत आपण स्टेलेनबॉशला पोहोचतो. १६७९ साली वसलेल्या या गावात ओक वृक्षांची सावली, पांढऱ्या भिंतींची जुनी डच वळणाची घरे आणि चहूकडे द्राक्षमळे दिसतात. मळे संपले की उघडे, खडकाळ डोंगर सुरू होतात. त्यांच्या अंगावर कमरेइतक्या उंचीचे, बारीक पानांचे जे झुडूपरान पसरलेले असते त्याला तिथे ‘फिन्बॉस’ म्हणतात. या लहानशा प्रदेशात वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आढळतात आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. २००४ साली या पुष्पसंपदेला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी या डोंगरांतून ‘केप एपिक’ ही शर्यत प्रथम धावली.

शर्यतीचे स्वरूप साधारण असे आहे. एक लहान प्रारंभिक टप्पा आणि त्यानंतर सात मोठे टप्पे, असे मार्च महिन्यातील आठ दिवस. मार्ग दरवर्षी बदलतो; पण एकूण अंतर बहुधा ६०० ते ७०० किलोमीटरच्या घरात आणि एकूण चढाई १५,००० मीटरच्या आसपास असते. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रकाठापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत नऊ वेळा चढण्याइतका हा चढ झाला, आणि तोही दगडगोट्यांच्या वाटेवर, सायकलीवरून. मार्च हा तिथला शरदाचा आरंभ, द्राक्षांच्या तोडणीचा काळ. तरीही दुपारी ऊन कडक असते आणि आग्नेयेकडून येणारा जोराचा वारा सायकलस्वाराला अक्षरशः ढकलून देतो. शहराची हवा स्वच्छ करतो म्हणून तिथले लोक या वाऱ्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, ही गंमत आरोग्याच्या पाक्षिकात नोंदवायलाच हवी.

आता पैशाकडे वळू. या शर्यतीत एकट्याला प्रवेश नसतो. दोघांची जोडी लागते. जोडीचे प्रवेशशुल्कच आपल्या रुपयांत काही लाख होते. त्यात तंबूतील मुक्काम, सकाळ-संध्याकाळचे भोजन, वाटेवरील पाणी आणि खाण्याची ठिकाणे, सामानाची ने-आण, रोज सायकल धुऊन रात्री पहाऱ्यात ठेवण्याची सोय आणि वैद्यकीय पथक यांचा समावेश असतो. मालीश, सायकलीची रोजची दुरुस्ती, तंबूऐवजी बरी खोली यांसाठी वेगळे पैसे पडतात. विमानभाडे, प्रवेशपरवाना, विमा आणि मुख्य म्हणजे अशा वाटांवर टिकेल अशी सायकल हा खर्च त्यावर चढतो.

हा हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. वाटा डोंगराच्या आहेत, श्रम स्वतःचे आहेत; मग पैसे कशाचे? ते आहेत शुश्रूषेचे. सुमारे हजार-बाराशे सायकलस्वारांची ती तंबूंची वस्ती पालखीच्या मुक्कामासारखी एका गावाहून दुसऱ्या गावी उचलून न्यायची, पहाटे कोणी उठण्याआधी न्याहरी सिद्ध ठेवायची, दमून आलेल्याच्या हातातून सायकल घेऊन ती धुवायची, फोड आलेले तळपाय आणि सोललेली ढोपरे पाहायची. हे सर्व करणारे हात शेकडो असतात. स्पर्धकाला आठ दिवसांत खाणे, पिणे, झोपणे आणि सायकल चालवणे एवढेच काम उरते. घरी आजारी वा वृद्ध माणसाची काळजी घेणाऱ्या वाचकांना या सुखाची किंमत वेगळी सांगायला नको. कोणीतरी आपले सगळे पाहते आहे, हा अनुभव प्रौढ वयात फार दुर्मीळ असतो. त्या दृष्टीने शुल्क अवाजवी म्हणता येत नाही.

परंतु खरा खर्च त्या शुल्कात लिहिलेलाच नसतो. तो असतो वेळेचा. अशी शर्यत सुरक्षितपणे पार पाडायची तर आधी निदान सहा महिने, आठवड्याला आठ-दहा तास सराव हवा. २६ आठवडे आणि दर आठवड्याला दहा तास धरले तर २६० तास होतात. प्रत्यक्ष शर्यतीत सामान्य स्पर्धक पन्नासएक तास सायकलीवर असतो. म्हणजे शर्यतीच्या एका तासामागे घरातील पाच तास खर्ची पडतात. त्या रविवारी सकाळी आईला औषध कोण देणार, बाबांना फिरायला कोण नेणार, डॉक्टरांची वेळ कोण सांभाळणार? घरातील दुसऱ्या कोणीतरी हे निमूटपणे उचललेले असते. मोल ठरवताना हे तास मांडले नाहीत तर हिशेब खोटा ठरतो.

याच तासांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आरोग्याचा लाभ होतो तो त्या आठ दिवसांत नव्हे, या सहा महिन्यांत. नियमित सरावाने हृदयाची क्षमता वाढते, रक्तदाब आणि रक्तशर्करा आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते. सायकलीवर शरीराचा भार गुडघ्यांवर कमी पडतो, म्हणून अनेक ज्येष्ठांना ती चालण्या-धावण्याहून सोयीची वाटते. मात्र त्याच कारणाने हाडांना बळकटी देण्याचे काम सायकल फारसे करीत नाही. त्यासाठी चालणे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम सोबत हवाच. उलट, आठ दिवसांचा अखंड ताण हा आरोग्यवर्धक नसून आरोग्याची परीक्षा आहे. शर्यत ही सरावाला दिलेली तारीख आहे. तारीख ठरल्याखेरीज जो घराबाहेर पडत नाही त्याला ती उपयोगी. जो एरवीही पडतो त्याला तिची गरज कमी.

या परीक्षेत ज्येष्ठांनी विशेष जपण्याच्या काही गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पाण्याची, आणि तिचा संबंध याच भूमीशी आहे. दीर्घ श्रमात पाणी कमी पडते हे सर्वांना ठाऊक असते. पण नुसते पाणी अति प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, याकडे केप टाउन विद्यापीठातील डॉक्टर टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली शोधनिबंधाद्वारे वैद्यकजगताचे लक्ष वेधले. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे आहेत. घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना सोडियम उतरणे आणि त्यापाठोपाठ येणारा भ्रम अपरिचित नसतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणून तहानेप्रमाणे पिणे हाच बरा नियम.

दुसरी गोष्ट औषधांची. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यामुळे मनगटावरील यंत्राच्या आकड्यावरून श्रमाचा अंदाज फसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधी पडझडही गंभीर ठरू शकते. अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटण्याचा मोह फार असतो. पण घामाने शरीर सुकलेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. साठीपुढील व्यक्तीने सराव सुरू करण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि चालू औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी. प्रवेशशुल्क भरून झाल्यावर तपासणीला जाणे म्हणजे निकाल ठरवून चौकशी करण्यासारखे आहे.

वय वाढले म्हणून ही वाट बंद होत नाही, हेही सांगितले पाहिजे. केप एपिकमध्ये चाळिशीपुढील, पन्नाशीपुढील आणि साठीपुढील जोड्यांसाठी स्वतंत्र गट आहेत. तिथला एक नियम तर फार बोलका आहे : जोडीतील दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांहून अधिक दूर जायचे नाही. अंतर वाढले तर दंड होतो. त्यामुळे जो बलवान आहे त्याला थांबावेच लागते आणि जो मंद आहे त्याला ‘मी ठीक आहे’ असे खोटे सांगून चालत नाही. दीर्घकाळ कोणाची काळजी घेणाऱ्याने जे शिकलेले असते, तेच ही शर्यत नियमाने शिकवते. जोडीदाराची निवड म्हणूनच सायकलीच्या निवडीहून महत्त्वाची. वेगाने आपल्याहून फार पुढे असलेला मित्र आठ दिवसांनी मित्र राहीलच असे नाही.

आठ दिवस झेपणारे नसतील तर त्याच देशात याहून सोसणारे पर्याय आहेत. वेस्टर्न केपमध्येच ‘वाइन्स टू व्हेल्स’ नावाची तीन दिवसांची शर्यत होते. मळ्यांच्या प्रदेशातून निघून ती किनाऱ्यावरील हर्मेनसच्या बाजूला उतरते, जिथे हिवाळा-वसंतात देवमासे किनाऱ्याजवळ येतात. पूर्वेकडील क्वाझुलू-नाताळ प्रांतात ‘सानी टू सी’ ही तीन दिवसांची शर्यत २००५ पासून भरते. ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याच्या हिमव्हिल गावाहून ती हिंदी महासागराकाठच्या स्कॉटबर्गला पोहोचते. तिची उठाठेव शेतकरी, शाळा आणि गावकरी मिळून करतात आणि मिळकतीचा वाटा त्या शाळांना व संस्थांना जातो. आपल्या देशात हिमाचलमध्ये शिमल्याहून निघणारी ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यतही २००५ साली सुरू झाली. परदेशप्रवासाचा खर्च त्यात वाचतो. मात्र हिमालयात ३,००० मीटरवरील खिंडी लागतात. तिथे विरळ हवेशी जुळवून घ्यायला हाती दिवस हवेत, हे ज्येष्ठांनी विसरू नये.

आणि ज्यांना शर्यत नकोच, पण ती भूमी पाहायची आहे, त्यांचे काय? त्यांना तर ती अधिक स्वस्तात आणि अधिक सावकाश भेटते. केप टाउनची वेळ आपल्याहून केवळ साडेतीन तास मागे असल्याने झोपेची घडी फारशी विस्कटत नाही. टेबल माउंटनवर १९२९ पासून तारेवरचा पाळणा चालतो. गुडघे दुखणाऱ्यालाही माथा गाठता येतो. स्टेलेनबॉशजवळच्या जॉन्कर्सहूक दरीत सकाळी सपाट वाटेवर चालावे, वाऱ्याला येणारा झुडपांचा उग्र-गोड गंध घ्यावा, दुपारी शर्यत त्या बाजूने जात असेल तर वाटेकडेला बसून धुळीने माखलेल्या चेहऱ्यांना टाळ्या द्याव्यात. शर्यतीतील माणूस याच दरीतून जातो, पण त्याची नजर बहुतेक वेळ पुढच्या चाकाखालच्या दगडावर असते. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपण नेहमी टोमण्यासाठी वापरतो. इथे ती शब्दशः खरी ठरते.

तेव्हा घरात हा विषय निघाल्यास आकड्यांवरून वाद घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांचे ते २६० तास कोणाच्या वाट्यातून येणार आहेत, आणि त्या व्यक्तीची संमती आहे का? शर्यत रद्द झाली तरी केलेला सराव सार्थ वाटेल का? २०२० साली महासाथीमुळे केप एपिक ऐनवेळी रद्द झाली होती, म्हणून हा प्रश्न काल्पनिक नाही. आणि थांबावेसे वाटले तर थांबू देणारा जोडीदार सोबत आहे का? तिन्ही उत्तरे मनापासून ‘होय’ असतील तर ते पैसे वाया जात नाहीत. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर तीन दिवसांची शर्यत किंवा सावकाश केलेली सहल अधिक मोलाची.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि पासष्टीपुढे त्यासोबत तोल व स्नायूबळ राखणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. त्याला ना विमान लागते ना प्रवेशशुल्क. डोंगरावरचे आठ दिवस हा त्यावरचा कळस आहे. कळस जरूर चढवावा. पण आधी पाया घातलेला असावा, आणि तो घालताना ज्यांचे हात लागले त्यांचीही गणती हिशेबात व्हावी.