बॉबिनचं प्यादं

आमच्या घरच्या बुद्धिबळात एक काळं प्यादं मला कळायला लागल्यापासून नव्हतंच. त्याच्या जागी आईच्या शिलाई मशीनची बॉबिन उभी असायची, बहुतेक वेळा निळ्या दोऱ्याची. आईला काही शिवायचं असलं की ती सरळ पटावरून बॉबिन उचलून न्यायची. मी बोंब मारायचो. बाबा डोकं वर न करता म्हणायचे, "मेलं समज."

पुढे कित्येक वर्षांनी 'त्रेबेल्यो' भेटला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियाचा हा शब्द. तिथली भाषा गालिसियन, पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्रेबेल्यो म्हणजे बुद्धिबळाची सोंगटी. पण कामाचं अवजार म्हणजेही त्रेबेल्यो, आणि माळ्यावर टाकलेली अडगळ म्हणजेही. 'त्रेबेल्यार' म्हणजे खेळणं, बागडणं. मला एकदम बॉबिन आठवली. (आपल्या सोंगटीत सोंग आहे असं मला उगाच वाटतं. व्युत्पत्तीवाल्यांनी रागावू नये.)

कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो मेरीमातेची गाणी गालिसियनमध्ये रचायचा, गद्य मात्र कॅस्टीलियनमध्ये. त्याचं खेळांवरचं पुस्तक १२८३ साली सेव्हिलमध्ये पुरं झालं. त्यात सोंगट्यांना त्रेबेल्योचंच कॅस्टीलियन भावंड वापरलंय, आजच्या उच्चारात 'त्रेबेखो'. आणि पुस्तक सुरू कुठे होतं? हिंदुस्थानातल्या एका राजाच्या दरबारात! अक्कल मोठी की नशीब, असा वाद. एक शहाणा बुद्धिबळ आणतो, दुसरा फासे, तिसरा दोन्हींचा मेळ घातलेला पट.

बुद्धिबळाचा खेळ इथून इराणात, तिथून अरबांबरोबर स्पेनला गेला. अरबीतला 'अल-फील', म्हणजे हत्ती, तिथे 'अल्फिल' झाला. तो तिरका चालतो, म्हणजे आपल्या उंटाचं काम तिकडे हत्तीच्या नावावर! गालिसियातल्याच ओरेन्सेच्या कॅथेड्रलमध्ये सेलानोवाच्या मठातल्या आठ स्फटिकाच्या सोंगट्या आहेत. मी फोटोच पाहिलाय. अरबी धाटणीच्या, ना नाक ना डोळे. अशा पटांवर हत्ती म्हणजे सुळ्यांची नुसती दोन टेंगळं. चाल ठाऊक असली की चेहरा कशाला लागतो?

आई आता शिवत नाही. पट माझ्याकडे आहे. परवा पुतणीशी खेळताना शर्टाचं बटण लोंबकळताना दिसलं. घरात दोरा तेवढाच. मी पटावरून बॉबिन उचलली.

"काका, तुझं प्यादं!"

"थांब गं, चार टाके घालतो."

"मग ते मेलं," ती म्हणाली, आणि तिने त्या घरात घोडा ठेवला.