दार लावून घे

आमच्याकडं अर्धांगवायू झाला असं कुणी म्हणत नाही, अंगावरनं वारं गेलं म्हणतात. २०२१ च्या ऑक्टोबरात आक्काच्या अंगावरनं वारं गेलं. फळछाटणी होऊन दहा दिवस झाले होते, बागेला डोळे फुटत होते. पहाटे मोटर चालू करायला उठलो, तर आक्का चुलीपाशी एका अंगावर पडलेली. मिरजेला नेली. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा हात आणि डावा पाय गेला तो गेलाच. बारा दिवसांनी घरी आणली आणि सोप्यात खाटेवर निजवली.

आक्का म्हणजे माझी आई. तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. गावाला जाग यायच्या आत तिचं सगळं उरकलेलं असायचं. परसाकडं जाऊन, न्हाऊन, नऊवारी नेसून, कुंकवाच्या जागी वडील गेल्यापासून बुक्का लावून ती चुलीपुढं बसलेली असायची. उभ्या आयुष्यात तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला आम्ही पोरांनी बघितला नव्हता. आता तिचं सगळंच दुसऱ्याच्या हातात आलं. खाटेवरच भांडं, खाटेवरच ओल्या फडक्यानं पुसणं. रात्री डायपर. दवाखान्यातनं येताना गाऊन आणले होते. ते बघून म्हणाली, "म्हातारपणी झबलं घालतूस व्हय रं मला?"

हे सगळं आमची मंडळी करत होती. सासू-सुनेचं उभं आयुष्य भांडण्यात गेलं, पण त्या दिवसांत तिनं तोंडातनं ब्र काढला नाही. महिन्याभरात तिच्याच कंबरेत उसण भरली. खाली वाकता येईना. मग मी पुढं झालो. आक्कानं उजव्या हातानं चादर गच्च धरली.

"तू न्हाय. लेकानं आईला आसं बघू ने."

मी म्हटलं, "आक्का, तू मला न्हाऊ-माखू घातलंस की."

"ती येगळं. तू लहान हुतास. मी लहान हाय का?"

याला उत्तर नव्हतं. शेजारची चुलत भावजय चार दिवस येऊन करून गेली. पण दुसऱ्याचा संसार आपण किती दिवस अडवायचा?

पोरगा पुण्याहनं फोनवर म्हणाला, चाकाची कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेलो. दुकानात मोठ्या चाकांची एक खुर्ची होती. बसायच्या जागी मधे भोक, खाली प्लॅस्टिकचं भांडं, जाड मऊ गादी. साडेसहा हजार मोजले आणि छोट्या हत्तीत टाकून आणली. घरी आल्यावर न्हाणीकडं ढकलत नेली तर दारातच अडकली. दाराची मोकळी जागा चोवीस इंच, खुर्ची सव्वीस इंच. दुकानदारानं काही फसवलं नव्हतं. माप मीच घेतलं नव्हतं. बागेतल्या दोन ओळींमधलं अंतर मोजून त्यात फिरेल असा बारका ट्रॅक्टर घेणारा माणूस मी, आईची खुर्ची घेताना टेप खिशात ठेवायची विसरलो.

खुर्ची न्हाणीत जाईना म्हणून सोप्यातच वापरायला लागलो. चार लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, आडव्या चादरीच्या आडोशाला. आठ-पंधरा दिवसांत गादीच्या शिवणीतनं ओल आत गेली, वास सुटला. स्क्रूच्या भोवती गंज धरला. आणि भांडं काढून न्यायचं ते सुनेनंच.

डिसेंबरात आक्काला थंडी वाजून ताप भरला. गावातल्या डॉक्टरनं लघवी तपासायला दिली. त्यात दोष निघाला. त्यानं विचारलं, "पाणी किती पितात?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. तांब्या रोज उशाला भरून ठेवायचा, तो रोज तसाच असायचा. दुपारनंतर चहा नको म्हणायची, रात्री भाकरीचा चतकोर तुकडा. आम्हाला वाटायचं, वय झालं, भूक मेली. डॉक्टर गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसलो.

"आक्का, तू पाणी का पीत न्हाईस?"

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "प्यालं की जायाला लागतं. गेलं की पोरीला वाकाय लागतं."

म्हणजे आम्हाला त्रास नको म्हणून आई तहानेली राहत होती, आणि पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या उशाला होता. ज्या माणसानं बागेचं एक झाड सुकलेलं ओळखावं, त्याला हे दोन महिने कळलं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला काय पायजे ते सांग." पोराला विचारलं होतं, दुकानदाराला विचारलं होतं, तिला विचारलंच नव्हतं.

तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. "दार लावून घ्याय पायजे. आन् ह्यो हात चांगला हाय," उजवा हात वर करून म्हणाली, "माजं मी धुईन."

मग नवीन खुर्ची शोधायची ती या दोन गोष्टींसाठी. फवारणीच्या वहीत मागल्या पानावर मी मापं लिहायला घेतली. आधी आक्काची. बसल्यावर कंबरेची रुंदी साडेचौदा इंच, दोन्ही अंगाला इंचभर मोकळं धरून साडेसोळा. गुडघ्याच्या लवणीपासनं टाचेपर्यंत पंधरा. मग घराची. न्हाणीला लागूनच संडास होता, सरकारी बारा हजारांच्या अनुदानातनं बांधलेला. एवढासा, की आत खुर्ची आणि माणूस दोन्ही मावायचं नाही. गवंडी बोलावला. मधली चार इंची भिंत काढून एकच खोली केली. दाराची चौकट बत्तीस इंचाची केली आणि दार बाहेर उघडणारं बसवलं. आत कुणी पडलं तर आतलं दार अंगावर अडकतं, हे गवंड्यानंच सांगितलं. खाली बसायचं भांडं काढून कमोड बसवला. त्याच्या चिनीमातीची कड जमिनीपासनं साडेपंधरा इंच भरली. उंबरा चार इंचाचा होता. इंचाला फूट या हिशेबानं चार फूट लांबीचा उतार घातला आणि त्यावर झाडूनं रेघा ओढून घेतल्या, पाय आणि चाक घसरू नये म्हणून. कमोडच्या उजव्या अंगाला धुवायचा नळीचा फवारा बसवला.

भांडं काढायचं कामच नको, खुर्ची सरळ कमोडवर जायला पाहिजे, हे एकदा ठरल्यावर बाकीचं सोपं झालं.

वही घेऊन मिरजेला गेलो. तिथं दवाखान्यांच्या आसपास अशा सामानाची दुकानं आहेत. एका दुकानात तीन खुर्च्या समोर मांडल्या. मी एकेकीवर बसून बघायला लागलो. दुकानातलं पोरगं हसलं, म्हणालं, "काका, पेशंट कोण आहे?" मी म्हटलं, "बाबा, बैल घेताना दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. मग ही बसल्याशिवाय कशी कळायची?"

पहिली लोखंडी, वरनं रंग दिलेली. स्वस्त होती. पण रोज साबणाचं पाणी पडणार. फवारणीच्या पंपाचं लोखंड काय होतं ते मला माहीत आहे. ती सोडली. दुसरीला मागं मोठी चाकं होती. ज्याचे दोन्ही हात चांगले आहेत त्याला ती बरी, आपली आपण ढकलता येते. आक्काचा एकच हात, ती गोल फिरली असती. शिवाय रुंदी पंचवीस. तिसरी स्टेनलेसची, दुधाच्या किटलीसारखी गुळगुळीत. चारही चाकं पाच इंची आणि चारही चाकांना ब्रेक. रुंदी बावीस. सीटखाली आडवी दांडी नाही, सतरा इंच मोकळं, म्हणजे कमोडवर दीड इंच राखून बसणार. सीट प्लॅस्टिकची, शिवण नसलेली, आणि पुढनं उघडी. मी वर बसून उजवा हात पुढनं खाली घालून बघितला. सहज गेला. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची होती. सीटला चारी बाजूंनी गोल कडं असतं तर आक्काला तिचं तिनं धुता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला फिजिओथेरपीच्या पोरीनं सांगितली होती. खुर्चीचे दोन्ही हात खाली पडणारे पाहिजेत. मी म्हटलं होतं, एक पुरे की. ती म्हणाली, "काका, आजींना कायम चांगल्या अंगाकडं सरकवायचं. खाटेवरनं खुर्चीत जाताना खुर्ची त्यांच्या उजवीकडं, आणि परत येताना खाट उजवीकडं. मग जाताना खुर्चीचा डावा हात पाडावा लागेल, येताना उजवा." खरंच तसं होतं. पायटेही बाजूला वळणारे घेतले, नाहीतर उतरताना नडगीला लागतात. पट्टा वेगळा घेतला. साडेअकरा हजार झाले. बेदाण्याचे पैसे यायचे होते, म्हणून निम्मे उधार ठेवले.

पहिल्याच दिवशी चूक झाली. आंघोळीच्या जागी फरशीला मोरीकडं उतार असतो. मी एकाच चाकाचा ब्रेक लावला आणि पाणी घ्यायला वळलो. खुर्ची अर्धी गरकन फिरली. आक्का ओरडली. पट्टा होता म्हणून निभावलं. तेव्हापासनं चारही ब्रेक पायानं दाबायचे, हातानं खुर्ची हलवून बघायची, मगच हात सोडायचा, असा नेम केला. गरम पाणी आधी आपल्या कोपरावर घ्यायचं, कारण वारं गेलेल्या अंगाला चटका कळतोच असं नाही. उचलताना काखेत हात घालायचा नाही, लुळ्या हाताचा खांदा निखळतो. पाठीमागनं कंबरेला धरायचं, आपल्या गुडघ्यानं तिच्या डाव्या गुडघ्याला टेकू द्यायचा. आणि भोकाच्या सीटवर पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसवायचं नाही, कातडीला कड रुतते. आंघोळ झाल्यावर माकडहाडापाशी लाल झालंय का ते मंडळी रोज बघायची.

लुगड्याची गोष्ट मंडळीनंच सोडवली. जुनी मऊ नऊवारी मधनं फाडून दोन तुकडे केले. एक कंबरेला लुंगीसारखं गुंडाळायचं, ते बसल्यावर मागनं मोकळं होतं. वर पुढनं बटणांचं पोलकं. आणि आंघोळीला जाताना मांडीवर एक टॉवेल, डोक्यावर दुसऱ्या तुकड्याचा पदर. झबलं गेलं.

आता माझं काम एवढंच राहिलं. खाटेवरनं खुर्चीत घ्यायचं, उलटी ढकलत कमोडवर न्यायची, ब्रेक लावायचे, फवारा उजव्या हाताशी द्यायचा आणि बाहेर यायचं. त्या पहिल्या दिवशी मी घुटमळलो. एकटी सोडू का नको कळेना.

आक्का आतनं म्हणाली, "दार लावून घे."

मी दार ओढलं, कडी न लावता उंबऱ्याशी उभा राहिलो. आत पाणी पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी हाक मारणार तेवढ्यात तिचा आवाज आला, "हाय मी. घाई करू नगंस."

मला तेव्हा भरून आलं. तिचा हा आवाज मला पोरपणापासनं माहीत होता. दोन महिने खाटेवरनं जी बोलत होती ती बाई दुसरीच होती.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले असतील. मी बागेतनं आलो होतो, मंडळी चुलीपुढं होती. सोप्यातनं आक्का म्हणाली, "पोरी, वाईच च्या टाक गं. साकर घाल जरा."

मंडळीनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.

पुढं आक्का दीड वर्ष जगली. लघवीचा दोष पुन्हा एकदाच झाला. ती गेल्यावर खुर्ची मी धुऊन, चाकांना तेल देऊन माळ्यावर ठेवली. पण ती माळ्यावर राहिली नाही. वरच्या आळीत एकाला लागली, मग पलीकडच्या वाडीवर. आता ती चौथ्या घरात आहे. सरकारनं २०२४ ला मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टच्या वरच्या माणसाला, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर, अशा सामानासाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्यात कमोडची खुर्चीही धरली आहे. तीन हजारांत आमच्यासारखी खुर्ची येत नाही, पण हातभार लागतो. ज्याला परवडत नाही त्याला मी आमची देतो.

देताना टेप घेऊन त्यांच्या घरी जातो. दार मोजतो, उंबरा मोजतो, कमोडची उंची मोजतो. परवा एक पोरगा आला. बापाच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणाला. खुर्ची केवढ्याची, किती वजन पेलते, घडी होते का, सगळं विचारलं. मी म्हटलं, "बाबांना विचारलंस का, त्यांना काय पायजे?"

तो म्हणाला, "त्यांना काय विचारायचं तात्या? त्यांना काय कळतंय?"

मी टेप खिशात घातली आणि म्हटलं, "चल, आधी त्यांच्याकडं जाऊन बसू. खुर्ची संध्याकाळी नेऊ."