एडक्याच्या शिंगांची सायकल

माझ्या पुतणीने सायकल मागितली ती २०२३ च्या दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीचा कापूस आदिलाबादच्या बाजारात गेल्यावर. वर्तमानपत्रातून कापून ठेवलेले एक चित्र तिने माझ्यापुढे धरले. अरुंद चाके, हलका सांगाडा, आणि हँडल असे की पुढे जाऊन खाली वळलेले. माझ्या आईने चष्मा लावून ते निरखले आणि म्हणाली, “ही तर एडक्याची शिंगे!” तेव्हापासून आमच्या घरात रोड बाइक या वस्तूस ‘एडका’ हेच नाव पडले.

महाराष्ट्रातील वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. आमचे गाव जैनद मंडलात, आदिलाबाद शहरापासून चौदा किलोमीटर. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा आमची भाषा मराठी राहिली आणि कचेरी तेलुगू झाली. १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून आदिलाबादचा निराळा धर्मप्रांत झाला. आम्ही मिस्सा तेलुगूत ऐकतो व जपमाळ घरी मराठीत म्हणतो. पुतणी शहरातील ज्युनिअर कॉलेजात इंटरमिजिएटला होती, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवण्याचे काम तिच्याकडे होते.

घरात कोणासच तिची मागणी रुचली नाही. त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून तेलंगणात स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला. माझी भावजय म्हणाली, “भाऊजी, फुकटची गाडी असता पोरीने पाय कशाला झिजवायचे?” प्रश्न रास्त होता. परंतु सायंकाळचा तिचा प्रयोगाचा तास आणि आमच्या वाटेची गाडी यांची गाठ पडत नसे. तास सोडावा, नाहीतर दिवेलागणीनंतर फाट्यावर एकटीने उभे राहावे, अशी तिची अडचण होती. तिने दोन महिने तासच सोडले होते. हे आम्हांस मागाहून कळले.

एकत्र कुटुंबात पैशाची पेटी माझ्या हाती असल्याने निर्णय माझाच. आणि सायकलच्या बाबतीत मी स्वतःस मोठा जाणकार समजत असे. वडिलांची काळी ॲटलस मी वर्षानुवर्षे वापरली. तिच्या कॅरिअरवरून पोती नेली, माणसे नेली. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या त्या कंपनीने २०२० च्या ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला, ती बातमी वाचून मला घरचे कोणी गेल्यासारखे वाटले होते. असा मी मनुष्य पुतणीचे चित्र पाहून हसलो. बोटाएवढ्या चाकांवर काळ्या रानातल्या वाटेने कोण जाईल? मी तिला बरोबर न घेताच शहरात गेलो आणि साडेनऊ हजारांची एक सायकल घेऊन आलो. जाड, दातेरी टायर, पुढच्या काट्यात स्प्रिंगा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. शिवाय रंग तांबडा. मोठ्या मापाची घेतली, कारण कपडे वाढत्या अंगाचे घ्यावे तशी सायकलही घ्यावी असे माझे मत होते. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिची उंची आता वाढायची नाही, हे ध्यानात आले नाही.

पुतणीने पाया पडून सायकल घेतली. तक्रारीचा एक शब्द तिने काढला नाही, आणि मी मनात खूश होऊन शेजाऱ्यांस ती दाखवीत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेनंतर फादरांनी मला थांबवले. आमचे फादर केरळचे. मराठी जपून, पण स्वच्छ बोलतात. म्हणाले, “पेटीवर तिची बोटे घसरतात. करंगळीला मुंग्या येतात म्हणते. घरी काही जड काम असते का?” जड काम असे काही नव्हते. घरी येऊन विचारले तेव्हा ती रडली. हँडल दूर पडल्याने सारा भार तळहातांवर येई, पाय जमिनीस टेकत नसत, आणि थांबायचे झाल्यास उडी मारून उतरावे लागे. आठवड्यातून तीन दिवस ती सायकल फाट्यावरच्या ओळखीच्या घरी ठेवून शेअर रिक्षाने जात असे, व तिचे भाडे डब्याच्या पैशांतून देत असे.

मला राग आला. तो तिच्यावर की माझ्यावर, हे त्या वेळी नीट कळले नाही. शनिवारी मी ती तांबडी सायकल घेऊन स्वतः आदिलाबादला निघालो. पायडल दाबावे तो पुढचा काटा खाली बसे. माझे अर्धे बळ स्प्रिंगाच खात होत्या. डांबरावर दातेरी टायर भुंग्यासारखे घोंगावत. वडिलांच्या ॲटलसवर जी वाट मी तासाभरात काटत असे, तिला दीड तास लागला. वजन पाहावे म्हणून अडतीच्या काट्यावर ती ठेवली. अठरा किलो भरली, म्हणजे जवळजवळ माझ्या ॲटलसइतकीच. डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी निघालेल्या सायकलीची ही स्वस्त नक्कल सपाट सडकेवर चालवणाऱ्या मुलीच्या गळ्यात मी बांधली होती. पैसे देताना मी फक्त रंग आणि गिअरांची संख्या मोजली.

फादरांना हे सांगावयास गेलो तेव्हा त्यांनी मला जीनो बार्ताली या इटालियन सायकलपटूची गोष्ट सांगितली. ‘टूर द फ्रान्स’ ही जगातील सर्वांत नावाजलेली शर्यत त्याने १९३८ साली जिंकली, आणि मध्ये युद्ध होऊन दहा वर्षे गेल्यावर १९४८ साली पुन्हा जिंकली. मोठा भाविक, कार्मेलच्या तिसऱ्या संघाचा प्रापंचिक सदस्य. १९४३-४४ साली जर्मनांनी इटली व्यापली असता, फ्लॉरेन्सचे कार्डिनल दल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून, तो सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्स ते असिसी अशा फेऱ्या करी, आणि यहुदी लोकांचे प्राण वाचवणारी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या पोकळ नळ्यांत लपवून नेई. युद्धानंतर त्याने याचा गवगवा केला नाही. तो २००० साली वारला, व यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ साली त्याचा गौरव केला. कोमो सरोवराजवळ गिझालो नावाच्या टेकडीवर मरिया मातेचे एक लहान चॅपेल आहे. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप बारावे पायस यांनी त्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्या चॅपेलच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांत बार्तालीचीही आहे. “आणि त्या साऱ्यांची हँडले,” फादर हसून म्हणाले, “एडक्याच्याच शिंगांची आहेत.” आईचे बोलणे त्यांच्या कानी कसे गेले कोण जाणे.

या खेपेस मी मुलीला बरोबर घेतले. त्याआधी घरी माप झाले. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. ते काम तिच्या आईने आतल्या खोलीत हिशेबाची वही घेऊन केले. पंचाहत्तर सेंटिमीटर भरले. या मापास ०.६७ ने गुणले म्हणजे रोड बाइकच्या सांगाड्याचे माप निघते: पन्नास सेंटिमीटर. हा ठोकताळाच आहे. सायकलवर बसून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. मधल्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिले असता इंच-दोन इंच जागा मोकळी राहिली पाहिजे, आणि टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा सरळ झाला पाहिजे.

नव्या सायकलींच्या किमती ऐकून मात्र मी गप्प झालो. शिमानो या जपानी कंपनीच्या टूर्नी किंवा क्लॅरिस गिअरांची, नवशिक्याने घ्यावी अशी साधी रोड बाइकदेखील पंचवीस हजारांच्या आसपास. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे सव्वातीन क्विंटलांहून अधिक कापूस एका सायकलीत. (आम्ही खरेदी केल्यानंतर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सायकलींवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचावर आला. नवी घेणाऱ्यांनी तो फरक बिलावर अवश्य पाहावा.) शेवटी नागपुरास दोन वर्षे वापरलेली एक सायकल तेरा हजारांत मिळाली. अॅल्युमिनियमचा सांगाडा, आठ-आठ गिअरांच्या दोन पट्ट्या, वजन अकरा किलो.

जुनी घेताना काय पाहावे हे पुतणीने कोठूनसे शिकून ठेवले होते. सांगाड्याच्या जोडांशी रंगाला बारीक चीर गेली आहे काय, हे तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिले. चाक उचलून फिरवले व ब्रेकच्या रबरापासून रिमचे अंतर सर्वत्र सारखे राहते की नाही, म्हणजे चाक आऊट आहे की काय, ते पाहिले. मग दप्तरातून शाळेची फूटपट्टी काढून साखळीला लावली. नव्या साखळीच्या पिनांमधील अंतर नेमके अर्धा इंच असते. तेव्हा चोवीस घरांना बारा इंच भरले पाहिजेत. एक सोळांश इंच वाढले तर साखळी बदलावी. एक अष्टमांश वाढले तर दातेरी चकत्याही झिजल्या असे धरावे. विकणारा तरुण तोंडात बोट घालून पाहत राहिला. मीही.

पुढचे चाक पान्याशिवाय, केवळ खटका उघडून निघते. चाक वेगळे, सांगाडा वेगळा करून आम्ही ती बसने घरी आणली. तांबडी सायकल चार हजारांस गेली. हिशेब केला तेव्हा माझ्या जाणकारीपायी सुमारे पाऊण क्विंटल कापूस बुडाल्याचे दिसले.

एडका घरी आल्याने अडचणी संपल्या नाहीत. आमच्या गावच्या दुकानातील पंप तिच्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. त्यासाठी पितळेची एक लहान तोटी आणावी लागली. टायरचे तर त्याहून विचित्र. ॲटलससारख्या अठ्ठावीस इंची सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, रोड बाइकचा ६२२. डोळ्यांस दोन्ही सारखी दिसतात, पण एकीचा टायर दुसरीस चढत नाही. म्हणून एक टायर व दोन ट्यूब घरी जादा ठेवल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात बाभळीचे तीन काटे गेले. सांगाड्यात जागा होती म्हणून पंचविसाच्या ऐवजी बत्तीस मिलिमीटरचे टायर घातले, तेव्हापासून काटे कमी लागतात. तरी पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्रेकपाशी गच्च बसतो, आणि घरापासून डांबरी सडकेपर्यंतचा तुकडा तिला सायकल खांद्यावर घेऊन चालावा लागतो. अकरा किलोच असल्याने ते साधते. त्या बाबतीत माझी पहिली शंका अगदीच खोटी नव्हती, हे नमूद करून ठेवतो.

आणखी एक. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. एका दुकानात ते सुलटे समजून जोराने पिळले गेले आणि क्रँकचे मऊ अॅल्युमिनियम कातरले. नवा क्रँक बसवावा लागला. पायडल घरी बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: उजवे उजवीकडे, डावे डावीकडे फिरवून घट्ट होते.

भावजयीची हरकत शेवटपर्यंत वाकून बसण्याविषयी होती. लोक काय म्हणतील, हे ती उघड बोलली नाही, पण पुढे चार दिवस जेवताना गप्प होती. मग एके सकाळी तिनेच मुलीच्या सलवारीच्या उजव्या पायाला, साखळीत अडकू नये म्हणून, बटणाची पट्टी शिवून दिली आणि ओढणी कमरेशी बांधावयास शिकवले. ओढणी चाकात जाऊन गळफास बसल्याची एक हकिगत तिने ऐकली होती. हेल्मेटचे पैसेही तिनेच आपल्या शेळीच्या दुधाच्या पैशांतून दिले. वळलेल्या हँडलचा उपयोग आम्हांस मागाहून उमगला. हात वर, आडव्या भागावर, ब्रेकच्या मुठींवर किंवा खाली शिंगांत असे बदलून ठेवता येतात, त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही. महिन्याभरात करंगळीच्या मुंग्या गेल्या. २०२४ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला पेटी तिनेच वाजवली. मिस्सेपूर्वी फादरांनी सायकलीस आशीर्वाद दिला, आणि आईने आपल्या गळ्यातले कार्मेल मातेचे स्कॅप्युलर सीटखालच्या पिशवीत ठेवले.

आता ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. चौदा किलोमीटरांस तिला पन्नास मिनिटे लागतात. सायंकाळचा तास ती पुरा करते. दिवस लहान झाले की पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा लावून येते, आणि ती फाट्यावर दिसेपर्यंत भावजय ओट्यावरून उठत नाही.

परवा तिची फूटपट्टी मागून घेऊन मी वडिलांच्या ॲटलसची साखळी मोजली. चोवीस घरे बारा इंच आणि वर पाव इंच भरली. “मोठेबाबा,” ती म्हणाली, “ही तुम्ही कधी बदललीच नाही?” नवी साखळी व मागची चकती सांगून आलो आहे. दुकानदार म्हणतो, मंगळवारी मिळेल.